दोन इमारतींमधला पूल

कुमासी, १४ ऑक्टोबर

प्रिय मान्सा,

सर्वप्रथम माझ्यावर होत असलेल्या घोर अन्यायाची नोंद घे. रुग्णालयाच्या फाटकाजवळची आंटी एस्थर तू गेल्यापासून माझ्या वाक्येच्या थाळीवर अंडं ठेवत नाही. भात-चवळी देते, वर शितोची तिखट चटणीही घालते, आणि अंड्याची पाळी आली की सरळ तोंडावर "संपली" म्हणते. माझ्या मागच्या माणसाला मात्र मिळतं. कारण विचारलं तर म्हणाली, "आमची फांटी पोरगी कुठं धाडलीत ते आधी सांगा."

काय सांगणार? उत्तरेत बोल्गातांगाच्या गोदामात मोडके प्रिंटर मोजते आहे म्हणून? तू फोनवर म्हणालीस की हवा कोरडी आहे, माणसं चांगली आहेत, ताजे मासे तेवढे मिळत नाहीत. समुद्रकाठच्या फांटी बाईचे मासे तोडले म्हणजे शिक्षा किती झाली, हे चौकशी समितीलाही कळलं नसेल. तुझ्या खुर्चीवर अजून कुणी आलेलं नाही. मी तिच्यावर केबलची भेंडोळी ठेवतो, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

आता जरा कंटाळवाणं बोलतो. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण समितीपुढे ज्या साध्या भाषेत मी बोलायला हवं होतं, ती आज वापरून बघतो. जुन्या इमारतीच्या वायफायचा कारभार एका कंट्रोलरकडे, नव्या इमारतीचा दुसऱ्याकडे. कुणी फोनवर बोलत मधला पूल ओलांडला, की एकाने तो फोन दुसऱ्याच्या हाती अलगद द्यायचा, बोलणं न तोडता. त्यासाठी प्रत्येकाच्या यादीत दुसऱ्याची ओळख लागते, म्हणजे त्या यंत्राचा जन्मक्रमांक. मे महिन्यात वीज पडून नव्या इमारतीचा कंट्रोलर जळाला. मी नवा बसवला आणि मेलेल्याची सगळी मांडणी त्यात जशीच्या तशी भरली. पण जुन्या इमारतीतल्या तुझ्या यंत्राच्या यादीत अजून मेलेल्याचाच क्रमांक होता. पाहुणा दारात उभा आणि दरबान म्हणतोय, तुला ओळखत नाही. नवा क्रमांक तुला कळवणं माझं काम होतं. विसरलो.

विसरणं माफ असतं. म्हणूनच आपण दोघांनी तो नियम केला होता: काहीही बदललं, की तू तिकडून, मी इकडून, फोनवर बडबडत पुलावरून चालायचं आणि मगच सही करायची. प्रसूती वॉर्डातली सिस्टर कम्फर्ट आपल्याला हसायची. म्हणायची, एवढं तर माझा नवरा लग्नाआधीही बोलला नाही. त्या शुक्रवारी तू प्रयोगशाळेत अडकली होतीस, म्हणून पूल मी एकट्यानेच चालून बघायचा ठरलं. दुसऱ्या दिवशी माझ्या मामाचा अंत्यविधी मामपाँगला. काळं वस्त्र इस्त्रीला दिलेलं, आणि इस्त्रीवाला पाचला बंद करतो. माझ्या पडद्यावर माझी बाजू नीट दिसत होती. तिकडून उत्तर येतंय का, हे बघायला मी थांबलो नाही. तू फोनवर विचारलंस, "ओसेई, पुलावरून चाललास ना?" मी म्हणालो, "चाललो." तू सही केलीस.

सोमवारी सिस्टर कम्फर्ट रक्तस्राव होणाऱ्या एका बाळंतिणीची खाट ढकलत, कानाला फोन लावून, रक्तपेढीला कुठला गट हवा ते सांगत पूल ओलांडत होती. गट सांगण्याआधीच फोन तुटला. अकरा मिनिटं गेली. ती बाई वाचली, चार दिवसांनी तिने डोळे उघडले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

मग अहवाल लिहिला तो मी. "जुन्या इमारतीच्या कंट्रोलरमधली नोंद चुकीची होती." त्यात एकही शब्द खोटा नाही. खोटं कुणीही लिहितं. खरं लिहून ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला माझ्यासारखा वीस वर्षांचा अनुभवी लागतो. समितीने तुला विचारलं, न चालता सही का केलीत? तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नव्हे, नुसती वाट पाहत, मी आता बोलेन म्हणून. मी पाण्याचा पेला उचलला. बराच वेळ पीत होतो.

त्यानंतर तू माझं नावही घेतलं नाहीस. फोनवर माझ्या मुलांची चौकशी करतेस. तू दोन शिव्या दिल्या असत्यास, तर कदाचित मी त्याच वेळी मोकळा झालो असतो आणि हे पत्र लिहिलंच नसतं. एवढा मी थोर आहे.

काल सकाळी संचालकांच्या टेबलावर दोन पानं ठेवून आलो. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "पाच महिने काय करत होतात?" मंगळवारी बोलावलं आहे. माझ्या बाजूने बोलायला येऊ नकोस. तू येशील, म्हणून आधीच सांगतो. तुझी बदली रद्द होईल की नाही ठाऊक नाही, पण तुझ्या नावावरची नोंद पुसावी, एवढं लेखी मागितलं आहे. प्रत सोबत जोडली आहे. पहिलं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला: "त्या शुक्रवारी मी पुलावरून चाललो नव्हतो, आणि मान्सा बेंटिलला चाललो असं सांगितलं."

तुझाच,
ओसेई