डावा वर, उजवा खाली

चाचा, आता विमानतळ आपल्या पनवेललाच येतोय. तुम्ही होता तेव्हा ती नुसती बातमी होती. आता उलव्याकडची टेकडी फोडायचं काम जोरात आहे, आणि दुपारी सुरुंग लागला की करंजाड्याच्या आमच्या घरात कपाटाच्या काचा थरथरतात. आई म्हणते, "आला बग तुजा इमान." मी हसते. पण काचा शांत झाल्यावरही मी बराच वेळ कान देऊन बसलेली असते, पलीकडून कुणी काही विचारेल आणि मला लगेच उत्तर द्यावं लागेल अशी.

तुम्ही आखातातल्या हँगरमध्ये आयुष्य घालवून परत आला होता आणि मी कोर्स संपवून तुमच्या हाताखाली लागले होते. दोघं पनवेलचे, त्यामुळे कंपनीच्या गाडीतून जाणं-येणं बरोबर. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला घरी बोलवायचात. चाची बोंबील तळत असायच्या, आणि त्याच स्वयंपाकघरात तुम्ही मला विमान शिकवलंत. ताटाचं चाक केलंत. टेबलाच्या दोन्ही कडांना चिकटपट्टीनं एकेक फुटपट्टी लावलीत, वरखाली हलेल अशी, आणि ताटापासून दोन्ही फुटपट्ट्यांपर्यंत दोऱ्या ओढल्यात. पंखांच्या मागच्या कडेला अशाच हलत्या फळ्या असतात. वैमानिकानं चाक डावीकडं फिरवलं की डावी फळी वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडं कलतं. "इतकंच आहे बेटा," तुम्ही म्हणालात. "बाकी सगळं या दोरीच्या जिवावर."

मग मला पाणी आणायला पाठवलंत. परत आले तर ताट फिरवत म्हणालात, "डावीकडं. बोल, काय दिसतं?" मी म्हटलं, "डावा वर, उजवा खाली." तुम्ही ताट सोडलं नाहीत. "पुन्हा बोल." मी पुन्हा तेच बोलले. चाचींनी गॅस बारीक केला. तेव्हा मी खरंच बघितलं, आणि डावी फुटपट्टी खाली लोंबत होती. तुम्ही दोऱ्या उलट बांधल्या होत्या. तुमचा आवाज चढला नाही, म्हणूनच ते बोलणं लागलं. "मी काय फिरवलं ते तू ऐकलंस. बघितलं नाहीस. पंखाखाली उभी राहून असं करशील तर मला तोंड दाखवू नकोस." त्या दिवशी मी न जेवता घरी गेले. त्यानंतर ऐकून उत्तर दिलं असं माझ्या हातून एकदाही झालं नाही. हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर दुसऱ्या तपासणीला तुम्ही मलाच मागून घ्यायचात.

ती सकाळ मला कालच्यासारखी आठवते. तुम्ही तीन दिवस खपून एका विमानाच्या, चाकापासून फळ्यांपर्यंत जाणाऱ्या जुन्या तारा काढून नव्या बसवल्या होत्या. काम करणाऱ्यानं स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही, दुसऱ्यानं बघायचं, हा नियम. तुम्ही कॉकपिटमध्ये बसलात. मी बाहेर, पंखाच्या मागे, विमानाच्या शेपटाकडे पाठ करून उभी राहिले, म्हणजे माझा डावा हात तोच विमानाचा डावा. हँगरचं दार सताड उघडं आहे, ऊन थेट पंखावर पडलंय. हेडसेटमध्ये तुमचा आवाज येतो, "डावीकडं. बोल, काय दिसतं?" मी बघते. डावी फळी वर उचलली जाते, तिच्या सावलीची पट्टी पंखावर सरकते. मान वळवून उजवीकडं बघते, ती खाली आहे. "डावा वर, उजवा खाली." तुम्ही तीनदा विचारता, मी तीनदा बघते. मग आपण दोघं सही करतो.

दुसऱ्या दिवशी ते विमान प्रवासी घेऊन उडालं. निघण्याआधी वैमानिकांनीही चाक फिरवून पाहिलं होतं, पण त्यांच्या जागेवरून त्या फळ्या दिसत नाहीत. चाकं जमिनीवरून सुटली तसा वाऱ्यानं विमानाला जरा उजवीकडं झुकवलं. कॅप्टननं डावीकडं वळवलं, ते आणखी उजवीकडं गेलं. त्यांनी जोर लावला, ते आणखीच गेलं. आत सामान कोसळलं, एका हवाई सुंदरीचा हात मोडला. शेजारच्या वैमानिकाच्या लक्षात आलं की सगळं उलटं आहे, आणि मनाला पटत नसताना हात उलटा फिरवत त्या दोघांनी ते खाली आणलं. कॅप्टनचं एक वाक्य मी नंतर वाचलं. "माझ्या हातात चाक होतं, पण दुसरंच कुणीतरी विमान चालवतंय असं वाटत होतं."

विमानाच्या पोटाखालचं, तारांवरचं झाकण उघडलं तेव्हा आपण दोघं तिथेच होतो. दोन तारा एकमेकींच्या जागी होत्या, नव्याकोऱ्या, तुमच्या हातच्या गाठीसकट. मधल्या वेळात तिथे कुणी हात लावला नव्हता, आपल्या तपासणीआधी झाकणावर लावलेलं सील जसंच्या तसं होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि लगेच नजर काढून घेतलीत.

चौकशीत मला विचारलं, तुम्ही विमानासमोर उभ्या होता का? समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं, अशी चूक पूर्वी झालेली आहे. मी म्हटलं, नाही, मागे होते. हँगरच्या कॅमेऱ्यात तसं दिसतही होतं. फळ्या मात्र त्यात येत नव्हत्या. तोच प्रश्न दोन दिवस वेगवेगळ्या तोंडांनी आला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं." समोरच्या साहेबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि लिहून घेतलं. माझं लायसन्स वर्षभर थांबलं. तुमचं गेलं ते गेलंच.

मी घरी बसून राहिले तेव्हा आईच म्हणाली, "जा त्यांच्याकरं. हितं बसून काय व्हनार हाय?" पण तुमच्या दारात यायला मला दीड वर्ष लागलं. चाचींनी दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "आता नळ सोडतानासुद्धा विचारतात, कुठल्या बाजूला फिरवू?" तुम्ही स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. हात इतके बारीक झाले होते की घड्याळ कोपराकडं घसरत होतं. बराच वेळ आपण माझ्या आईबद्दल बोललो. मग तुम्ही म्हणालात,

"बेटा, खरं सांग. तुझं लक्ष नव्हतं ना?"

"नव्हतं, चाचा."

"कसम?"

"कसम."

तुम्ही डोळे मिटलेत. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणालात. "मग माझी चूक, तुझी चूक, माणसाची चूक. मला भीती वाटत होती की तू बघत होतीस."

महिन्याभरात तुम्ही गेलात. मातीला गर्दी होती, मी रस्त्यापलीकडे दुकानाच्या पायरीवर उभी राहिले.

आता मी शिकवते. तपासणीवर मात्र त्यानंतर एकदाही सही केली नाही. लायसन्स परत मिळाल्यावर मीच वर्ग मागून घेतला. दर तुकडीला मी आपली गोष्ट सांगते, नावं न घेता, आणि शेवटी म्हणते, लक्ष नव्हतं म्हणून हे झालं. आज पहिल्या बाकावर हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, माझ्याहून वयानं मोठे. त्यांनी विचारलं, "मॅडम, म्हणजे लक्ष असतं तर दिसलंच असतं ना?" सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. त्यांना उद्यापासून पंखाखाली उभं राहायचं आहे. मी म्हटलं, "हो. दिसलंच असतं."

घरी आल्यापासून हे लिहितेय. तुमच्या घरी आता चाची एकट्याच असतात. त्यांच्या हाती हे द्यायची माझी हिंमत नाही, आणि दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. म्हणून इथेच सांगते. कसम खोटी होती, चाचा. मी बघत होते.