बाबांनी सोडलेलं गोड

उमातक, ग्वाम
४ मार्च १९८६

चि. बेस्तेस रेमेडीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र अलास्काचं, त्याआधीचं हवाईचं. हे तुला कुठे गाठेल देव जाणे.

दातात जाळ्याची कड धरून पाग फेकणाऱ्या आपल्या बाबांना आता सदऱ्याचं बटणही लावता येत नाही. आपण समजत होतो मधुमेहानं हात गेले. तो लिटिको निघाला. आजोबांना होता तोच, आधी हात, मग जीभ नेणारा. मी विचारलं, साखरेमुळेच ना झाला? डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकाच माणसात दिसतात खरे, पण एकामुळे दुसरा होतो असं आज कुणी छातीठोक सांगणार नाही. साखरेचं मी बघतो, यांच्या अंगावर मांस हवं. गिळता येतंय तोवर मागतील ते द्या, गोडसुद्धा.

पण बाबा खातील तर ना! गेल्या वर्षी तू दटावून मारियामातेसमोर वदवून घेतलंस, पुन्हा पाग फेकीन तेव्हाच गोड खाईन. म्हणतात, ज्यानं बांधलं त्यानंच सोडवावं. भटक्या, लवकर लिही.

तुझी ताई

कोडियाक, अलास्का
२६ मार्च

ती. ताईस बेस्तेचा साष्टांग नमस्कार.

इथे मासे कापतो. शेजारचा म्हातारा हात फुटू नयेत म्हणून डुकराची चरबी चोळतो, वास असा की... जाऊ दे, भरकटलो.

ताई, नवसाच्या दिवशी बाबांच्या पुढ्यातली कस्टर्डची लाटिया उचलून मीच चाटूनपुसून खाल्ली होती. वर म्हणालो, साखर सोडा, हात परत येतील. कुणाकडून ऐकलं होतं तेही आठवत नाही. ते वाळत गेले आणि मी दर पत्रात 'शाबास बाबा' लिहीत राहिलो.

मारियामातेसमोर मोठ्यानं वाच: बाबा, सुटलात. नवस माझ्याकडे घेतला, आजपासून गोड मी सोडलं. या महिन्याचं काम आटपलं की निघतो.

तुझा बेस्ते

उमातक
१४ एप्रिल

चि. बेस्तेस आशीर्वाद.

बाबांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग लाटिया भरवली. ठसका नको म्हणून वरची दालचिनी काढली होती. दोन चमचे गेले, तिसरा नाकातून आला. ते हसले. मला नाही जमलं. डॉक्टर म्हणतात, आता नळीनंच भरवायचं.

त्यांचं बोलणं फक्त मला कळतं, तेही अर्धं. म्हणाले, पोराला सांग, गोड होती. तुझ्या नवसावर मात्र भडकले. म्हणे, गाढवाला म्हणावं, तू खा, माझ्या वाटचीही.

लोभ तर आहेच, तो कुठे जातो! हे पत्र तिथे तुला मिळू नये, तू आधीच निघालेला असावास, एवढंच मागते.

तुझी ताई