अचूकरावांचा झोका

प्रिय टाचणी,

शनिवारची दुपार होती. हॉस्टेलच्या शिवणखोलीत मी स्टुलावर उभी आणि तू खाली गुडघ्यांवर बसून माझ्या युनिफॉर्मच्या स्कर्टची दुमड उसवत होतीस. वर्षभरात मी ताडमाड वाढले होते आणि नवा स्कर्ट मागायचा तर घरी पत्र गेलं असतं. तुझ्या ओठांत टाचण्यांची रांग, त्यामुळे बोलत होते ती मी एकटीच. शिवणाच्या सिस्टर खिडकीशी बसून पेंगत होत्या. घडलं काहीच नाही त्या दुपारी. मध्येच तू जरा मागे सरकलीस, डोळे बारीक करून माझ्या पायांकडे पाहिलंस आणि एक टाचणी काढून केसभर वर लावलीस. तो फरक सिस्टरांनाही दिसला नसता. तुझं नाव टाचणी पडलं ते तेव्हा, आणि माझं नाव भोंगा तू त्याच संध्याकाळी ठेवलंस, तोंडातल्या टाचण्या संपल्यावर.

आता कामाचं. रविवारी तुमच्या दारात सामानाची गाडी येणार आहे हे मला तुझ्या सुनेकडून कळलं. तुझ्याकडून नाही. शनिवारच्या गणिताच्या वर्गातली तुझी खुर्ची दोन आठवडे रिकामी आहे, तू फोन उचलत नाहीस, आणि आपल्या मास्तरीणबाई मला विचारतात, "मावशी, नव्या तुकडीचं काय ठरलं त्यांचं?" मी काय सांगू? नवी तुकडी तू शिकवायचीस की मुलाच्या घरी जाऊन त्याच्या भांड्यांची मोजदाद ठेवायचीस, हे जिनं ठरवायचं ती व्यक्ती सध्या मौनात आहे. तिचे यजमान तिच्या वतीनं भरपूर बोलतात, एवढं मात्र खरं.

तुझ्या यजमानांना मी अचूकराव म्हणते याचा तुला कधी राग आला नाही. यायला हवा होता. कॉलेजात ते आपल्याला शिकवायला आले तेव्हा काळा कोट घालायचे आणि फळ्यावर कधी खाडाखोड करायचे नाहीत. तुला त्याचंच कौतुक. "बघ ना, एकदाही डस्टर उचललं नाही," म्हणायचीस. मी तेव्हाच सांगितलं होतं की जो माणूस आधी पाठ केलेलंच लिहितो त्याला डस्टर कशाला लागेल? तू हसलीस आणि पुढच्या वर्षी त्यांच्याशी लग्न केलंस. वर्गात पहिली येणारी मुलगी घरी बसली आणि दुसऱ्या नंबरावरची मी शाळेत गणिताची मास्तरीण झाले. नशिबाची ही विनोदबुद्धी मला कधीच आवडली नाही.

अचूकरावांचं गणित म्हणजे रीतसर उत्तराचं गणित. समीकरण मांडलं की उत्तर एका ओळीत, सुबक, खाली दोन रेघा मारून. ज्या समीकरणाला असं उत्तर नसतं ते त्यांच्या लेखी असभ्य. आता जगातली बहुतेक विकलक समीकरणं, म्हणजे सतत बदलणाऱ्या गोष्टींची समीकरणं, असभ्यच आहेत. वारा, नदी, ताप, साथ, कुणालाच एका ओळीत मावायचं नसतं. पण अचूकरावांनी त्यांतली चार आज्ञाधारक समीकरणं निवडली आणि जन्मभर तीच सोडवली. चार ओळखीच्या घरी जेवून यायचं आणि गाव पाहिलं म्हणायचं, तशातला प्रकार. आकड्यांनी पायरीपायरीनं उत्तराकडे जाण्याला ते म्हणतात कारकुनी. एकदा तर म्हणाले, आंधळ्याची काठी. मला विचारायचं होतं, की आंधळ्यानं काठी टाकून द्यावी आणि सुबक उभं राहावं, असं आहे का तुमचं म्हणणं?

म्हणून तर वाचनालयाच्या वरच्या हॉलमधल्या त्या शनिवारच्या वर्गात मी तुला ओढून नेलं. पहिला दिवस आठवतो? मास्तरीणबाईंनी टेबलावर चहाचा कप ठेवला, त्यात थर्मामीटर बुडवला आणि म्हणाल्या, "चहा थोड्या वेळानं किती गरम असेल ते आपल्याला माहीत नाही. पण आत्ता तो किती वेगानं निवतोय ते माहीत आहे. तर तोच वेग मिनिटभर टिकेल असं धरून मिनिटभर पुढे जाऊ. तिथे थांबून नवा वेग काढू. मग पुन्हा पुढे." मागच्या बाकावरचे निवृत्त इंजिनियर लगेच गुरगुरले, "पण वेग टिकतो कुठे मिनिटभर?" त्या म्हणाल्या, "नाहीच टिकत, काका. खोटं आहे हे. पण लहान खोटं आहे, आणि किती लहान ठेवायचं ते आपल्या हातात आहे." मी तुझ्याकडे पाहिलं. तुझी जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती, कॉलेजात गणितात बुडालीस की यायची तशी. इतक्या वर्षांनी! मला त्या पोरसवदा मास्तरीणबाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

मग ती चार उतारांची पद्धत. पायरीच्या सुरुवातीचा उतार, म्हणजे बदलाचा वेग, बघायचा, तिथून अर्ध्यात डोकावायचं, अर्ध्यातच पुन्हा एकदा डोकावायचं, मग टोकाला. आणि सरासरी काढताना मधल्या दोघांना दुप्पट मान. "मधल्यांना दुप्पट मान!" तू कुजबुजलीस. "आमच्या घरी का नव्हती ही पद्धत?" पाच भावंडांतल्या मधलीनं केलेला हा विनोद फक्त मला कळला, आणि मी इतकी हसले की इंजिनियरसाहेब जागे झाले. घरी येऊन मी तेच उदाहरण दोनदा केलं, दोनदा वेगळी उत्तरं आली. तू बस येईपर्यंत स्टॉपवर उभ्याउभ्या केलंस आणि बरोबर आलं. मला तुझा हेवा वाटला नाही. कधीच वाटला नाही. मला फक्त ते बघायला आवडतं. हे मी तुला पूर्वी सांगायला हवं होतं की नाही, कोण जाणे; कित्येक गोष्टी सांगायच्या राहिल्या आणि त्या राहिल्या तेच बरं असं आपण दोघी धरून चाललो.

आणि मग मास्तरीणबाईंना सुबुद्धी सुचली आणि त्यांनी अचूकरावांना पाहुणे म्हणून बोलावलं. कोट तोच असावा. निदान मिजास तरी तीच होती. त्या दिवशी झोक्याचं उदाहरण होतं. हातभर ओढून सोडलेला झोका, हवेचा अडथळा नाही, कुठे घासत नाही. असा झोका पलीकडे हातभरच जाणार आणि हातभरच परत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या कागदावर तो तसाच जात-येत होता, केसभर इकडे, केसभर तिकडे. अचूकरावांनी पहिल्या दोन पायऱ्या पाहिल्या आणि कागद सगळ्यांपुढे उंच धरला. "चूक! जुन्या जागेवरून नवा वेग काढलास, ठीक. पण जागा सरकवताना वेग जुनाच घ्यायचा असतो. तू नवा घेतलास. इतकी वर्षं माझ्या घरात राहून एवढी साधी शिस्त नाही?" तू म्हणालीस, "ताजा वेग हाताशी होता, म्हटलं शिळा कशाला वाढायचा." सगळा वर्ग हसला, तुझ्या बाजूनं. त्यांना ते सहन झालं नाही. उठले आणि खडू घेतला.

त्यानंतरचं दृश्य मी मरेपर्यंत जपून ठेवणार आहे. ते वळणदार अक्षर, ती शिस्त, दोन्ही आकडे जुने म्हणजे जुने! आणि त्यांचा झोका हातभर ओढला तो पलीकडे दोन हातांच्या वर गेला. ते थांबले. बेरजा तपासल्या. बरोबर होत्या. डस्टर उचललं, टाचणी, आयुष्यात पहिल्यांदा डस्टर उचललं! पायरी निम्मी केली. झोका जरा कमी माजला, पण हेलकाव्यागणिक वर ते वरच. तशा झोक्यावर पोरं बसवली असती तर एकही घरी परत आलं नसतं. मास्तरीणबाई फार मऊपणानं म्हणाल्या, "सर, हा त्या रीतीचा स्वभावच आहे. मावशींच्या हातून नकळत जे झालं ती निराळी रीत आहे. झोक्यासाठी तीच वापरतात." आणि अचूकराव काय म्हणाले? "नशीब म्हणजे गणित नव्हे."

खरं सांगू, तिथवर मला नुसती मजा वाटत होती. त्यांचा तिरस्कार करायला मला नवीन कारण नको असतं. पण तू उठलीस, रुमाल काढलास आणि त्यांच्या बाहीवरचा खडू झटकलास. चारचौघांत. तेव्हा मात्र मला तुझा राग आला, आणि रागापेक्षा वाईट काहीतरी आलं. मला वाटलं, ही बाई गेली. हिच्यात आता काही उरलं नाही. जिला केसभर फरक दिसायचा तिला एवढा मोठा माणूस दिसत नाही.

पण जिन्यात तू थांबलीस. ते खाली गाडीशी उभे राहून घड्याळ बघत होते आणि तू मास्तरीणबाईंचा हात धरून विचारत होतीस, "पण का? जुना वेग घेतला की झोका उडतो आणि नवा घेतला की राहतो, असं का?" स्वतःच्या फजितीनंतर हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. त्यांना नाही पडला. तुला पडला, आणि तू तर बरोबर होतीस! मास्तरीणबाईंनी तुला तिथेच विचारलं, "बाळंतपणाच्या रजेवर मी जाईन तेव्हा नवी तुकडी घ्याल का?" तुझा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "विचार करून सांगते," म्हणालीस. संध्याकाळी अचूकरावांनी त्यांना फोन करून सांगितलं की तिच्या तब्येतीला झेपणार नाही. तुझ्या तब्येतीला! त्यांचा संधिवात, त्यांची साखर, त्यांचं पथ्य इतकी वर्षं कुणाच्या तब्येतीला झेपलं?

आणि दुसऱ्याच दिवशी मुलाकडे कायमचं जायचं ठरलं. मुलगा गुणी आहे हो तुझा. आईवडिलांना जवळ आणायचा विचार त्याच्या मनात नेमका घरकामाची बाई सोडून गेल्यावर आला. काही लोकांचं प्रेम असं वेळेवर जागं होतं. बापानं होकार दिला, सुनेनं खोली रिकामी केली, गाडी ठरली. तू काय म्हणालीस हे मला कुणीच सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

हे पत्र मी का लिहितेय ते आता सांगते. काल दुपारी अचूकराव माझ्याकडे आले होते. बूट न काढता आत आले, माझ्या वेताच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे नापसंतीनं बघत राहिले. मग म्हणाले, "तिला काय झालंय कळत नाही. खोकी रिकामी पडली आहेत. एक भांडं आत गेलेलं नाही. विचारलं तर म्हणते, तुमचं तुम्ही भरा. तुझं ऐकते ती. चार शब्द शहाणपणाचे लिही, मी उद्या येऊन घेऊन जातो." मी म्हटलं, "लिहिते, सर." म्हणजे हे पत्र त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं आहे आणि तेच ते तुझ्या हातात आणून देतील. उघडून वाचणार नाहीत. सभ्यपणामुळे नव्हे, यात काय असणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे म्हणून. मी इकडे तुला संपलेली समजून चरफडत होते, आणि तू तिकडे खोकी रिकामी ठेवून बसली होतीस! माझ्या मागच्या खोलीत टेबल खिडकीशी लावलं आहे. पलंग एकच आहे, दुसरा शुक्रवारी येतोय. एक सत्र राहा. पुढचं पुढे बघू; या वर्गातून आयुष्याचे धडे काढणाऱ्यांतली मी नाही. तर आता नीट वाच. त्यांची पुस्तकं, कोट, लोखंडी कपाट आणि जाड गादी रविवारच्या गाडीत चढव, त्यांच्यासकट. त्यांच्या गोळ्यांचा डबा आणि त्या कधी द्यायच्या ते सगळं मुलाच्या हातात दे, सुनेच्या नाही. बाप त्याचा आहे. काचेचा चांगला सेट सुनेला दे, तिचा यात काही दोष नाही. कुंड्या शेजारच्या आजींना, किल्ली घरमालकांना. तुझे कपडे, दोन्ही चष्मे आणि उशी इकडे आण. आणि मास्तरीणबाईंना होकार दे, तोही तुझ्या तोंडून. तो मी पोचवणार नाही.

तुझीच,
भोंगा