ताईच्या खोलीतल्या गांधीलमाश्या

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

गांधीलमाश्यांचं एक कार्ड मला खरंतर केवढ्याला पडलं म्हणशील, तर टोमॅटोची अर्धी रांग, मुकादमाचा अबोला आणि तुझी खोली. बाकी इकडे उत्तम. तुझे गुडघे कसे आहेत? नातू रांगायला लागला असेल, त्याच्यामागे तू रांगू नकोस. लेकाकडे निवांत राहा. माझ्यासारख्या एकट्या माणसाला लागतं काय? (मीठ कुठल्या डब्यात ठेवलंयस, तेवढं कळव.)

झालं असं, की टोमॅटोला फळं पोखरणारी अळी लागली. शेतीऔषधांच्या कंपनीचा माणूस म्हणाला, फवारे बंद करा, ट्रायकोग्रामा आणा. मला वाटलं, कोणी परदेशी बाई येतेय. आलं ते एक कार्ड, वर खसखशीहून बारीक अंडी चिकटवलेली. अंडी पतंगाची, आत पिल्लं गांधीलमाशीची. दुसऱ्याच्या घरात जन्मायचं, घरधन्यालाच खायचं आणि भिंतीला भोक पाडून चालतं व्हायचं. (आपला जुना भाडेकरू आठवला ना?) कार्ड पानाखाली टाचायचं होतं, म्हणजे माश्या बाहेर येऊन अळीच्या अंड्यांचंही तेच करतात. पण अंडी काळी पडलेली दिसली आणि मी, जो हात न लावता सडकं फळ ओळखतो, म्हटलं माल नासला. परत पाठवायला म्हणून तुझ्या टेबलावर ठेवलं. काळं पडणं म्हणजेच पिल्लं तयार, हे मागाहून कळलं. तोवर कार्डभर भोकं, माश्या तुझ्या खोलीत, आणि बाहेर अळ्या निवांत जेवतायत.

मुकादम ती खोली रोपांच्या ट्रेसाठी कधीचा मागतोय. परवा बायकोशी कुजबुजला, "ताई काही आता परत येत नाहीत." माझे कान किती तिखट, तुला ठाऊक आहे. मी खोलीला कुलूपच लावलं. म्हटलं, आत माश्या आहेत, त्यांना त्रास नको. त्याला दाराशी आणून गुणगुण ऐकवली, तर म्हणे काहीच ऐकू येत नाही. असतात एकेकाचे कान. मी मात्र रोज संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून ऐकतो. बारीक, एकसुरी, तू भाजी निवडताना गुणगुणायचीस तशी. चहा तसाच गार होतो.

तू सावकाश ये. घाई नाही.

तुझा धाकटा

ता. क. घाई आहे. मुकादमाने कंपनीच्या माणसालाच बोलावून आणलं. या माश्या फार दिवस जगत नाहीत, एव्हाना मेल्या असतील, म्हणाला. आता कुलपाला कारण उरलं नाही. सोमवारी ट्रे येतायत. त्याआधी ये.

आणखी ता. क. जाताजाता कंपनीचा माणूस म्हणाला, या माशीचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येतच नाही.