दोऱ्याने मापलेली सायकल

३ फेब्रुवारी, सोमवार

लेकीचे सायकलिंगचे सर म्हणाले, "मुलीत दम आहे. पण मंडळाची सायकल किती दिवस वापरणार? नऊ मार्चला निवड चाचणी. तोवर स्वतःची शर्यतीची सायकल बघा." नव्या सायकलची किंमत ऐकून चहाचा ठसकाच लागला! विचारलं, जुनी चालेल? "चालेल की. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या स्टीलच्या सायकली अजून पळतात. पण चांगली कुठली, वाईट कुठली ते ओळखता यायला हवं."

ओळखता यायला हवं! मी बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाईची मशिनं दुरुस्त करते. कुठल्या मशिनचं काय दुखतंय ते दारातून आवाज ऐकून सांगते. सायकलीला सुई तरी नसते. ओळखेन.

५ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "सोळा वर्षांच्या पोरीला भंगार देणार?" लेक वहीत डोकं घालून बसली होती.

सरांनी सांगितलेलं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन — रंग बघायचा नाही. फ्रेम बघायची. चाकं, ब्रेक, चेन सगळं बदलता येतं, फ्रेम वाकली की खेळ खलास.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली सायकल बघितली. व्यायामशाळेच्या मालकाची. निळीशार, चकचकीत, हँडलला नवी पांढरी पट्टी. लेक पण "छान आहे" म्हणाली. मीही जवळजवळ हो म्हणणार होते. पण हात खाली गेला, सवयीने. हँडलखाली दोन नळ्या जुळतात तिथे, खालच्या बाजूने, बोटाला काहीतरी लागलं. बारीक सुरकुती. टॉर्च मारला. रंग नवा, पण त्याच्या आत पत्रा दुमडलेला!

"कुठे आपटली का हो?"

"छे! घरात उभी असते."

घरात उभी राहून कुणाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. बाजूला होऊन बघितलं, तर पुढचं चाक धरणारा फोर्कही मागे ढकललेला. समोरून जोरात ठोकलेली सायकल. उतारावर मोडली असती तर? माझी पोर असती वर! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. निघालो. तो मागून ओरडत होता, "कमी करतो ना ताई!"

९ फेब्रुवारी

कमी केलेली किंमत पोरीच्या मोडलेल्या दातांना पुरत नाही. नाही म्हणजे नाही.

१२ फेब्रुवारी

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी हसल्या. "सायकलीचा नाद लागला हिला!" नाद कसला? पोरीचं काम आहे.

एकीने मात्र पत्ता दिला. तिचा चष्मेवाला दुकानातली एक जुनी सायकल विकायला काढतोय म्हणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मिळाली! बहुतेक.

चष्मेवाल्याच्या दुकानामागे, जिन्याखाली. धुळीने माखलेली, टायर भुगा झालेले, कंपनीचं एकही स्टिकर नाही. त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ परदेशी गेला, सायकल राहिली. रंग कसला — वाळलेल्या मेंदीसारखा. लेक नाक मुरडेल असं वाटलं, पण ती टॉर्च धरून उभी.

मी पिशवी उघडली. आधी लोहचुंबक. फ्रेमला चिकटला, म्हणजे स्टील. रिमला चिकटला नाही, म्हणजे ॲल्युमिनियम — बरं झालं, स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक लागत नाही म्हणतात. मग सीटचा दांडा व्हर्नियरने मोजला. दांडा जाड असला तर तो ज्या नळीत जातो ती आतून पातळ, म्हणून फ्रेम हलकी. सर म्हणाले होते, सत्तावीस मिलिमीटरच्या वर आला तर सोडू नका. सत्तावीस पॉइंट दोन! दोनदा मोजला. चेहरा मात्र कोरा ठेवला.

मग दोरा. मागचं चाक काढलं, ते ज्या दोन खाचांत बसतं त्यातल्या एका खाचेला दोरा बांधला, हँडलखालच्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणला. मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. डावीकडे एकोणतीस मिलिमीटर, उजवीकडे एकोणतीस. सरळ! कुठे सुरकुती नाही, तडा नाही.

चष्मेवाला कंटाळला. "बाई, सायकल घेताय की सून बघताय?"

म्हटलं, "सुनेवर बसून कुणी उतार उतरत नाही हो."

खो खो हसला. हसता हसता किंमत उतरवली. घेतली.

घरी येताना लेक म्हणाली, "आई, तू बघताना जीभ बाहेर काढतेस."

१६ फेब्रुवारी

हत्ती गेला, शेपूट राहिलं. सगळं सुटं झालं, सीटचा दांडाच निघेना. पार गंजून बसलाय. तेल सोडलंय.

१८ फेब्रुवारी

नाही निघाला.

१९ फेब्रुवारी

नाही. नवरा हातोडा घेऊन आला. हाकलला.

२० फेब्रुवारी

निघाला!! गरम पाण्याची फडकी नळीवर गुंडाळली, दांडा पान्यात धरला आणि पिळला. असा किंचाळला की शेजारच्या वहिनी दार उघडून बाहेर. आता सीट हवी तशी वर-खाली होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

चाकांतले छर्रे बदलले, नवं ग्रीस. मागचं चाक आऊट होतं, तारा कसून सरळ केलं. नवे टायर, ब्रेकचे नवे गट्टू. लेकीला म्हटलं, बस, एक फेरी मार. म्हणाली, "आधी तू बघ ना. ब्रेक-बिक."

बरोबरच आहे. मी तपासल्याशिवाय पोरीला कशी देऊ? फिरवून आणली. चौकापर्यंत. मग पुढे पुलापर्यंत.

ब्रेक ठीक आहेत.

२५ फेब्रुवारी

गिअर तपासायला कारखान्यात घेऊन गेले. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. तिसरा गिअर घसरतो.

२६ फेब्रुवारी

तिसरा गिअर नीट बसवला. खात्री करायला पुन्हा कारखान्यात. चढावर एका स्कूटरला मागे टाकलं! स्कूटरवर दोघं होते आणि मागे गव्हाचं पोतं, पण टाकलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आता काही म्हणता काही उरलं नाही. आज उगाच लांबच्या रस्त्याने घरी आले — पायडलचा आवाज येतो का बघायला. येत नाही. मांड्या ठणकतायत. चाचणीला नऊ दिवस. उद्यापासून सायकल लेकीच्या ताब्यात. तिचा सराव व्हायला हवा.

१ मार्च, शनिवार

किल्ली दिली. घेईना. आधी म्हणाली, अभ्यास आहे. मग, पाय दुखतोय. मग भोकाड पसरलं. तीन आठवडे झाले, तिने सायकलिंग सोडलंय. सरांना सांगून. संध्याकाळी सरावाच्या वेळी वाचनालयात बसायची. "शर्यतीत उभं राहिलं की घरी पळून यावंसं वाटतं, आई. मला नाही आवडत."

मग मला का नाही सांगितलंस? मी इतकी मर मर मरतेय!

"सांगणारच होते. पण तू दोरा बांधत होतीस त्या सायकलीला. मी तुला अशी कधी बघितलीच नव्हती."

जेवले नाही.

२ मार्च, रविवार

सकाळी सरांना फोन केला. विचारलं, शर्यतीत मोठ्या बायकांचा गट असतो का? "असतो ना. एप्रिलमध्ये. कुणाचं नाव लिहू?"

माझं, म्हटलं.