पेटीतलं एक मत

४ जानेवारी १९४६

पुढारी आबासाहेबांना उमेदवारीला हो म्हणून बसलो! विसापूरच्या तुरुंगात एका ताटात भाकरी खाल्ली, आता नाही कसं म्हणायचं? राखीव जागेचं त्यांचं गणित सोपं. आधी फक्त आम्ही महार-मांग-चांभार मतं देऊन चौघे निवडणार. मग सगळ्या जाती मिळून त्या चौघांतला एक. "तू नुसता चौथा ये. म्होरचं आमी बगतो."

घरी बापाला सांगितलं. तो घुंगुरकाठी पुसत होता. "बाबासाहेब म्हनत्यात, आपला मानूस आपुनच निवडायचा. तू कुनाचा?"

स्वराज्याचा, म्हणालो. माझं मलाच ते भाषण वाटलं.

९ जानेवारी

बा गावचा येसकर, म्हणजे दवंडी त्याच्याकडेच. पाटलाच्या हुकमानं आज माझ्याच सभेची दवंडी दिली. गावभर हाळी घातली, महारवाड्यात आला आणि गप्प झाला. मुक्ता म्हणाली, "मामंजी जेवलं न्हाईत."

१५ जानेवारी

आमचं पहिलं मतदान झालं, चौघे निवडायचं. बाला वतनामुळे मत, मला सातवी पास म्हणून. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. माझी पिवळी. मी चिठ्ठी श्रीमंतच्या पेटीत टाकली — माझ्याविरुद्ध उभा असलेल्या! वतनाच्या जमिनीवर सारा वाढला तेव्हा वस्तीला बाबासाहेबांच्या हरेगावच्या परिषदेला नेलं ते त्यानं. मी तेव्हा चरखा शिकवत होतो. हे कुणाला सांगायचं नाही.

१९ जानेवारी

श्रीमंत पहिला. मी चौथा. आमच्या वस्तीतून माझ्या पेटीत एकच चिठ्ठी निघाली. श्रीमंत भेटला. "चला, तुजं तुला तरी पडलं."

हसून वेळ मारून नेली. पण मग ती कुणाची? मुक्ताला तर मतच नाही.

२ फेब्रुवारी

आबासाहेबांकडे गेलो. माघार घेतो म्हणालो.

"तारीख गेली, मास्तर. आता गप उभं ऱ्हायाचं."

संध्याकाळी बेलापूरच्या सभेत ते ठणकावून म्हणाले, "ह्याच्या वस्तीनंबी ह्याला मत दिलंय!" मी शेजारीच, हार घालून. उठून खरं सांगायला हवं होतं. नाही उठलो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

२० फेब्रुवारी

श्रीमंत रस्त्यात दिसला. बाजूच्या बोळात शिरलो.

२६ मार्च

निवडून आलो. वस्तीनं पहिला निवडलेला श्रीमंत पडला, शेवटचा मी निवडून आलो. गावानं गुलाल उधळला. पाटलानं बाला पुन्हा दवंडीला पिटाळलं. वेशीत उभा राहून त्यानं हाळी घातली, "गावकऱ्यांनो, तुमचा मानूस निवडून आला हो!"

लोक खुशीत होते, कुणाला काही वाटलं नाही. मला तो 'तुमचा' लागला. आमच्या आळीत एकही माणूस बाहेर आला नाही. आता मुंबईच्या कायदेमंडळात मी त्यांच्या वतीनं बोलायचं!

२८ मार्च

आज बा माझ्याशी बोलला. जानेवारीपासून पहिल्यांदा.

"त्या पेटीतली चिठ्ठी माजी हुती. बापाची. वस्तीची म्हनून मिरवू नगंस."