ते कांदे न्हाईत

अक्का,

फ्रिजच्या खालच्या डब्यात हायेत ते कांदे न्हाईत, नर्गिसच्या फुलाचे गड्डे हायेत. आपल्याकडं त्यांना थंडी पुरत न्हाई, म्हणून लावायच्या आधी गारठ्यात ठेवलेत. चुकून भाजीत घालू नका. पोटात गेले की ओकून ओकून माणूस आडवा होतो.

काल तुमच्या दिराला मटणासंगं कच्चा कांदा पायजे होता. घरातला संपलेला. "मग हे काय हाय? कामून लपवायलीस?" म्हणत डबा ओढला. खाऊ नका, इख हाय ते, म्हणून मी हातातला गड्डा हिसकून घेतला, तर खिडकीतली कुंडी उचलून माझ्या डोक्यात घातली. मग अंगणात जाऊन वाफ्यातले कोंब लाथेनं तुडवले. तुम्ही शेतातनं आल्यावर मी पायरीवरनं पडले म्हणलं. तुम्ही जखमेत हळद दाबलीत.

कुंडीची खापरं अजून पलंगाखाली हायेत. लेकरं अनवाणी फिरतात, झाडून घ्या. वाफ्यातले गड्डे खाली जिते हायेत, माती सारून थोडं पाणी घाला.

मी माहेरी, चिंताकीला अण्णाकडं जायलेय. न्यायला कुणाला धाडू नका.

मार बसला म्हणून जायलेय असं समजू नका. मार काय नवा न्हाई. सकाळी त्याच्या डाळीसाठी मी दोन गड्डे बारीक चिरले. फोडणी तडतडायलती आन् हात थांबला. चिरलेले उकिरड्यात पुरले.

पुढच्या बारीला हात थांबायचा न्हाई.

विजयश्री